जोडणी आणि ओळख : हार्ड डिस्क व डीव्हीडी ड्राइव्ह मदरबोर्डला जोडताना

मागच्या वेळी आपण मदरबोर्ड आणि मेमरी पाहिली. आज त्याला हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह कसे जोडतात ते पाहू. विषय तांत्रिक आहे, पण मुळातला प्रश्न आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात वर्षानुवर्षं मांडत आलो तोच आहे: दोन वस्तू एकत्र आल्या, तर कोणती कोण हे ओळखायचं कशावरून?

जुनी पद्धत आयडीईची, म्हणजेच पाटाची. रुंद, चपटी केबल आणि 40 पिनांचं कनेक्टर. एका केबलवर दोन उपकरणं बसतात. तारा सामाईक, त्यामुळे आलेला हुकूम कोणासाठी, हे ठरवावं लागतं. म्हणून ड्राइव्हच्या मागे जंपर नावाची छोटी टोपी असते. एक ड्राइव्ह मास्टर, दुसरा स्लेव्ह. दोघेही मास्टर ठेवले तर काय होतं? बायोसला कधी एकच दिसतो, कधी एकही नाही. आता ही नावंही फसवी बघा. मास्टर दुसऱ्यावर सत्ता गाजवत नाही. प्रत्येक ड्राइव्हचा कंट्रोलर त्याच्या स्वतःच्या अंगावरच असतो. 2003 साली लॉस एंजेलिस काउंटीने पुरवठादारांना हे शब्द टाळायला सांगितलं होतं.

तिसरा पर्याय ‘केबल सिलेक्ट’चा. 80 तारांच्या केबलचं निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. इथे ओळख जागेवरून ठरते. कडेची रंगीत तार म्हणजे पिन 1 ची बाजू, तीही जुळवायची.

मग 2003 च्या सुमारास साटा आलं आणि भांडणच मिटलं. एक केबल, एक उपकरण. डेटासाठी 7 संपर्क, विजेसाठी 15. कनेक्टरची खाच इंग्रजी एल अक्षरासारखी, त्यामुळे उलटं बसत नाही. केबल 1 मीटरपर्यंत चालते. पाटाची मर्यादा सुमारे 46 सेंटिमीटर होती. हार्ड डिस्क असो वा डीव्हीडी ड्राइव्ह, जोडणी सारखीच. कोणापासून सुरू व्हायचं, ते बायोसमधल्या बूट ऑर्डरमध्ये सांगायचं. एक मात्र ध्यानात ठेवा: काही मदरबोर्डवर एम.2 चा स्लॉट वापरला की एखादा साटा पोर्ट बंद पडतो. पुस्तिका बघावी.

हे आज कशाला? आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात एखादी जुनी आयडीई डिस्क पडून असते. तिच्यात लग्नाचे फोटो असतात, गेलेल्या माणसाचा आवाज असतो. ‘डिस्क दिसत नाही’ म्हणून ती भंगारात जाते. दिसत नाही म्हणजे नाही, असं अनुमान आपण काढतो. पण तेवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. आधी संगणक बंद करून प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, मग जंपर, केबल आणि विजेची पिन तपासा. यूएसबी अडॅप्टर वापरत असाल तर बहुतेक वेळा जंपर मास्टरवर हवा. डिस्क दिसली आणि ‘फॉरमॅट करायची का’ असं विचारलं, तर ‘नाही’ म्हणा. टक-टक आवाज आला तर लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे न्या. पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका.

पुढच्या वेळी डिस्कवर फाइल कशी नोंदली जाते ते पाहू.