सुगंधी मेणबत्ती : तिची घडण व कृती

मेणबत्ती पेटविली म्हणजे वात जळते आणि तिच्या उष्णतेने मेण वितळून नाहीसे होते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. जळते ते मुख्यतः मेण. वात ही त्याची केवळ वाहक होय. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळते, केशाकर्षणाने वातीतून वर चढते, तेथे त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. याची खात्री सहज पटते. मेणबत्ती फुंकून विझवावी. वातीतून पांढरट धुराची रेघ निघेल. ती धूर नसून मेणाची थिजू लागलेली वाफ असते. पेटती काडी त्या रेघेला लावताच ज्योत रेघेवरून खाली उतरते व वात पुन्हा पेटते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८६०–६१ च्या नाताळात मुलांसाठी सहा व्याख्याने दिली, ती सर्व एका मेणबत्तीवर होती!

आता सुगंधाचा प्रश्न. मेणात मिसळलेल्या अत्तराचा जो अंश वातीतून ज्योतीत जातो, तो मेणाबरोबर जळून जातो. त्याचा वास मागे उरत नाही. खोलीत दरवळतो तो ज्योतीभोवती साचलेल्या वितळलेल्या मेणाच्या पृष्ठभागावरून उडणारा सुगंध. मूळ इंग्रजी लेखनात या मेणाला ‘तलाव’ या अर्थाचा शब्द आहे. आम्ही त्यास ‘तळे’ म्हणतो. हे तळे जितके रुंद, तितका दरवळ अधिक. म्हणून सुगंधी मेणबत्ती उंच व बारीक न करता पसरट डबीत ओततात.

साहित्य असे घ्यावे : पॅराफिन मेण ३०० ग्रॅम, स्टिअरिक आम्ल ३० ग्रॅम, सुगंधी तेल १५ ग्रॅम. पॅराफिन मेण खनिज तेलापासून मिळते. आसामात दिग्बोई येथे १९०१ साली सुरू झालेल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात असे मेण निघते. स्टिअरिक आम्ल चरबीपासून किंवा वनस्पतिज तेलांपासून काढतात. शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञाने चरबीचे घटक उकलून दाखविले आणि १८२५ साली गे-ल्युसाक याच्यासह अशा मेणबत्त्यांचे एकस्व घेतले. या आम्लाने मेण कठीण व अपारदर्शक होते.

सुगंधासाठी गवती चहाचे किंवा वाळ्याचे तेल चालते. गुलाबपाणी मात्र मुळीच घालू नये. पाणी मेणात मिसळत नाही, त्याचे थेंब अडकून राहतात आणि ज्योत तडतडते. मद्यार्कात विरघळविलेली बाजारी अत्तरेही वर्ज्य समजावी, कारण मद्यार्काची वाफ चटकन पेट घेते. सुकलेल्या पाकळ्या घालण्याची हौस पुष्कळांना असते. त्या दुसऱ्या वातीसारख्या पेटतात.

वात सुती दोऱ्याची, तीन पदरी वेणी घालून करावी. एक पेला कोमट पाण्यात एक मोठा चमचा मीठ व दोन मोठे चमचे टाकणखार विरघळवून तीत वात रात्रभर भिजवावी व पूर्ण वाळवावी. (टाकणखार पोटात जाणे अपायकारक आहे, हात धुवावेत.) वेणीमुळे वातीचे टोक वाकून ज्योतीच्या कडेला येते, तेथे हवेशी संयोग होऊन ते जळते आणि काजळी कमी धरते. पिळाची साधी वात वापरून पाहावी, म्हणजे वेणीची थोरवी कळेल. आमच्या पहिल्या मेणबत्तीने भिंतीवर काजळीचा पट्टा उठविला होता.

मेण कधीही थेट विस्तवावर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात मेणाचे भांडे ठेवावे. पाणी असेपर्यंत उष्णता १०० अंश सेल्सिअसच्या फारशी वर जाऊ शकत नाही. थेट विस्तवावर मेण तापतच जाते, त्याची वाफ होते आणि ती भडकते. भडका उडालाच, तर विस्तव बंद करून भांड्यावर घट्ट झाकण ठेवावे. पाणी ओतणे हा घात आहे. पाणी मेणाहून जड असल्याने तळाशी जाते, क्षणात उकळते आणि त्याची वाफ हजारपटीहून अधिक फुगून जळते मेण चहूकडे उडविते. विद्यार्थ्यांनी ही कृती वडीलधाऱ्यांच्या देखतच करावी.

मेण पूर्ण वितळल्यावर भांडे बाहेर काढून विस्तवापासून दूर ठेवावे. ते ७० अंशांच्या आसपास निवल्यावर सुगंधी तेल घालून सावकाश ढवळावे. याहून अधिक तेल घातल्यास ते मेणात न सामावता पाझरते. सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीच्या डब्यांच्या मध्यभागी वाती काडीला बांधून ताठ धराव्या व मेण ओतावे. थोडे मेण मागे ठेवावे; थिजताना पॅराफिन आकसते, वातीभोवती खळगा पडतो, तो नंतर भरून घ्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी वात अर्धा सेंटिमीटर राखून कापावी. प्रथम पेटविताना तळे डब्याच्या कडेपर्यंत पोहोचेतो ज्योत विझवू नये. लवकर विझविल्यास मध्येच खड्डा पडतो. पुढच्या वेळी ज्योत त्याच खड्ड्यात उतरते, कडेचे मेण तसेच राहते आणि त्यातील सुगंधही. मेण वितळत असूनही तळे कडेस पोहोचत नसेल, तर वात बारीक झाली असे समजावे. ज्योत लांब होऊन काजळी धरू लागल्यास जाड.