फवारणीचें विष व त्यावरील उतारा

सन २०१७ च्या खरीप हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना शेंकडों शेतकऱ्यांस व मजुरांस विषबाधा झाली आणि २० हून अधिक माणसें दगावलीं. ही गोष्ट आमचे वाचक विसरले नसतील. त्या वेळीं वापरांत असलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस व प्रोफेनोफॉस हीं फॉस्फरस वर्गांतील औषधेंहि होतीं. असें विष शरीरांत काय करितें आणि दवाखान्यांत टोंचलेलें ॲट्रोपिन त्यावर कसें चालतें, हें प्रत्येक कास्तकारास ठाऊक असणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हृदय, फुप्फुसें, आंतडीं व लाळेचे पिंड यांचें काम आपल्या इच्छेवांचून चालतें. त्यांवर स्वायत्त मज्जासंस्थेच्या दोन शाखांचा ताबा असतो. एक शाखा संकटकाळीं हृदयाची गति वाढविते, दुसरी ती कमी करून पचनास चालना देते. एकीस पराणी म्हटलें तर दुसरीस कासरा म्हणावें. मज्जातंतूचा निरोप हृदयास एका द्रव्याच्या द्वारें पोंचतो, हें ओटो लोवी यांनीं १९२१ सालीं बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून दाखविलें. तें द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलीन. तें इंद्रियांच्या पेशींवरील ‘ग्राहक’ नांवाच्या ठराविक जागीं जाऊन बसतें, तेव्हां निरोप पोंचतो.

पाटाचें उदाहरण घेऊं. वाफा भरला कीं पाटकरी दारें बंद करितो. शरीरांतहि निरोप पोंचतांच ॲसिटिलकोलीन तोडून टाकणारें एक द्रव्य असतें. फॉस्फरसयुक्त विष या पाटकऱ्याचे हात बांधतें. मग दारें उघडेंच राहून वाफे तुंबतात. घाम व लाळ वाहूं लागते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, पोटांत मुरडा येऊन जुलाब होतात, छातींत पाणी दाटून घरघर लागते आणि पुष्कळदां नाडी मंद होते.

ॲट्रोपिन हें धोतऱ्याच्या जातींतील वनस्पतींत सांपडणारें द्रव्य होय. तें पाटकऱ्याचे हात सोडवीत नाहीं. वाफ्याच्या तोंडाशीं फळी लावतें, म्हणजे ग्राहकाची जागा स्वतः अडवून बसतें. पाण्याचा जोर जितका अधिक, तितक्या फळ्या अधिक लागतात. म्हणूनच डॉक्टर छाती कोरडी होऊन नाडी सुधारेपर्यंत दर कांहीं मिनिटांनीं मात्रा वाढवीत जातात. धोतरा खाल्लेल्याचें तोंड कोरडें पडतें व बाहुल्या मोठ्या होतात, याचेंहि कारण हेंच. मात्र यावरून कोणीं रोग्यास धोतरा देऊं नये. त्यांतील द्रव्याचें प्रमाण झाडागणिक निराळें असतें, आणि उतारा म्हणून दिलेलें दुसरें विष जीव घेतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. हातापायांच्या व श्वासाच्या स्नायूंवरील ग्राहक निराळ्या प्रकारचे असून त्यांवर ॲट्रोपिन चालत नाहीं. प्रथम सुधारलेल्या रोग्याचे स्नायूहि एक ते चार दिवसांत लुळे पडून श्वास थांबूं शकतो. अशा वेळीं श्वासयंत्रच त्यास तारतें. तेव्हां ‘बरें वाटतें’ म्हणून डॉक्टरांच्या संमतीवांचून रोग्यास घरीं आणूं नये.

फवारणींत भोंवळ, मळमळ किंवा धूसर दिसणें सुरू होतांच काम थांबवावें, भिजलेले कपडे काढावे, अंग साबणपाण्यानें धुवावें आणि तत्काळ दवाखाना गांठावा. मदत करणारानें हातमोजे घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत कांहींहि घालूं नये. औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी सोबत न्यावी, कारण सर्वच कीटकनाशकें या वर्गांतील नसतात. सायपरमेथ्रिनसारख्या औषधाच्या बाधेवर ॲट्रोपिन हा उतारा नव्हे. डब्यावरील तांबडा त्रिकोण अतिजहाल विषाची, तर पिवळा त्याखालोखालच्या विषाची खूण आहे.

पीक वांचविण्यासाठीं आपण फवारणी करितों. तें पीक घरांत आणणारा धडधाकट राहिला पाहिजे, एवढेंच आमचें मागणें आहे.