बायोस अपडेटनंतर संगणकाची डिस्क 'गायब'? फॉरमॅट मारण्याआधी एवढं तपासा

संध्याकाळी सेवा केंद्र किंवा दूध संस्थेचा संगणक बंद करताना 'अपडेट सुरू आहे, बंद करू नका' असं स्क्रीनवर येतं. सकाळी चालू केला की काळ्या पडद्यावर एकच ओळ, 'नो बूटेबल डिव्हाइस'. हार्डडिस्क सापडत नाही, असा त्याचा अर्थ. मग संगणक तालुक्याच्या दुकानात जातो, तिथं 'डिस्क गेली' म्हणून नवीन विंडोज टाकलं जातं आणि सभासदांची खाती, उतारे, फोटो सगळं पुसलं जातं. पुष्कळ वेळा डिस्क ठणठणीत असते.

हे समजायला शेतातलं उदाहरण घ्या. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर बदलला आणि फेज उलटे जोडले गेले, तर मोटार उलटी फिरते. आवाज येतो, पण पाणी चढत नाही. तेव्हा कुणी लगेच विहिरीतला पंप वर काढत नाही, आधी फेज बघतात. संगणकाचंही तसंच आहे. मदरबोर्डच्या एका चिपमध्ये छोटा प्रोग्राम असतो, त्याला बायोस म्हणतात. चालू करताच डिस्क, कीबोर्ड, मेमरी कुठं आहे हे तो शोधतो आणि मग विंडोजकडे ताबा देतो. हा प्रोग्राम कंपनी अपडेट करते. आता तो विंडोजच्या नेहमीच्या अपडेटसोबतही येतो, त्यामुळे आपण काही केलं नाही तरी तो बदललेला असू शकतो. अपडेटच्या वेळी जुन्या सेटिंग कधी कधी पुसल्या जातात आणि कारखान्यातल्या सेटिंग परत येतात. डिस्क जागेवरच असते, फक्त तिच्याकडे जाण्याची वाट बदललेली असते.

सुरुवात सोप्यापासून करा. पेनड्राइव्ह, प्रिंटर, बोटाचे ठसे घेण्याचं मशिन सगळं काढा. राहून गेलेल्या पेनड्राइव्हमधूनच संगणक सुरू व्हायला बघतो, असंही घडतं. मग वायर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून. आत उरलेला करंट जातो आणि काही संगणक एवढ्यावरच सुरू होतात.

नाही झाला तर बायोस उघडा. चालू करताच डेलमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१०, लेनोव्होमध्ये एफ१ किंवा एफ२, जोडणी केलेल्या डेस्कटॉपमध्ये बहुधा डिलीट बटण दाबत राहावं लागतं. आत गेल्यावर काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण नंतर तेच कामाला येतं.

आता बघायचं एकच, यादीत डिस्कचं नाव दिसतंय का?

नाव दिसत असेल तर अर्धी चिंता मिटली. मग तीन जागा तपासा. बूटच्या क्रमात डिस्क किंवा 'विंडोज बूट मॅनेजर' सगळ्यात वर हवा. दुसरी, बूटचा प्रकार. जुनं विंडोज लेगसी पद्धतीनं टाकलेलं असेल आणि अपडेटनं ते यूईएफआयवर नेलं, तर डिस्क दिसूनही संगणक सुरू होत नाही. तिसरी जागा साटा मोडची. तिथं एएचसीआय किंवा रेड असं लिहिलेलं असतं. विंडोज टाकताना जे होतं तेच लागतं, नाहीतर निळ्या पडद्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, सेव्ह करून बघा, जमलं नाही तर पूर्वीसारखी करा. दोन-तीन डिस्क जोडून केलेलं रेड असेल तर मात्र हात लावू नका, जाणकारालाच बोलवा.

नावच दिसत नसेल तर वरची तारीख आणि वेळ बघा. कित्येक वर्षं मागची तारीख असेल तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय. त्याचा नंबर सीआर२०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. हा सेल संपला की लाईट गेल्यावर सेटिंग पुसल्या जातात, आणि दोष मात्र अपडेटच्या माथी जातो. सेल ठीक असेल तर डेस्कटॉपचं झाकण उघडून साटा केबल दोन्ही टोकांनी काढून घट्ट बसवा. वायर आधी काढायला विसरू नका. नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सेटिंग असते, ती बदलली तरी डिस्क विंडोजला दिसेनाशी होते.

खात्री करायची असेल तर डिस्क काढून यूएसबी केसमधून दुसऱ्या संगणकाला लावतात. तिथं दिसली, तर माल शाबूत. आतून टकटक आवाज येत असेल तर लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून बघितल्यानं उरलेलंही जातं.

एक वेगळा प्रकार म्हणजे निळा पडदा ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागतो. हा बिघाड नाही, बिटलॉकरचं कुलूप आहे. बायोस बदलल्यावर ते मालकाची ओळख परत मागतं. ही की बहुधा ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर संगणक सुरू केला त्याच्या खात्यात असते. सेवा केंद्रात ते खातं अनेकदा काम सोडून गेलेल्या पोराचं किंवा दुकानदाराचं असतं. की नसेल तर डिस्कवरचा डेटा परत मिळत नाही. म्हणून आजच, संगणक चालू असताना, की कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर 'डेटा वाचवायचाय, विचारल्याशिवाय फॉरमॅट नको' हे पावतीवर लिहून घ्या. डिस्क बदलली तर जुनी परत मागा. बायोस मागच्या आवृत्तीवर नेण्याची सोय काही कंपन्या देतात, पण फाईल त्याच मॉडेलची हवी. दुसऱ्या मॉडेलची टाकली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो.

बायोस अपडेट होत असताना लाईट गेली तरी तेच. इन्व्हर्टर नसलेल्या डेस्कटॉपवर हे अपडेट लोडशेडिंगच्या वेळेत घेऊ नका, आणि पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात तर अजिबात नको.