शाळकरी मुलांना ग्रीक-रोमन जगाची गोडी आहे? मग कार्ल्याला चला!

ग्रीक पुराणकथा, रोमन सम्राट यांनी झपाटलेली मुलं आपल्याकडे बरीच आहेत. शाळेत ग्रीक-लॅटिन नाही म्हणून अडून बसू नका.

सुरुवात ब्राह्मीपासून करा. लिपी सोपी आहे: अधिकाची खूण म्हणजे ‘क’, नुसतं वर्तुळ म्हणजे ‘ठ’, वर्तुळात टिंब म्हणजे ‘थ’. वहीत आधी स्वतःचं नाव लिहायचं आणि मग कार्ल्याचं चैत्यगृह गाठायचं. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांतले काही दाते स्वतःला धेनुकाकटचे ‘यवन’, म्हणजे ग्रीक, म्हणवतात! दोन हजार वर्षांपूर्वीची ती अक्षरं सातवी-आठवीतलं पोर बोट न लावता, एकेक जुळवत वाचतं, तेव्हा त्याचा चेहरा बघावा.

दुसरा उपक्रम घरबसल्या. ‘पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातलं ग्रीक प्रवासवर्णन आहे, लेखक अज्ञात. त्यात कल्याण आहे, पैठण आहे, तेरही आहे. भडोचपासून पैठण सुमारे 20 दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला तेर आणखी 10 दिवसांवर. मुलांना नकाशा द्या, ही वाट आखू द्या. घाट कुठे उतरला असेल यावर हमखास वाद होतो आणि होऊ द्यावा.

कोल्हापूरला गेलात तर टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती चुकवू नका.

मूळ भाषेची ओढ लागलीच, तर ‘पर्सियस डिजिटल लायब्ररी’वर ग्रीक-लॅटिन ग्रंथ मोफत आहेत. शब्दावर क्लिक केलं की अर्थ आणि व्याकरण समोर येतं. संस्कृतची विभक्ती घोकलेल्या मुलांना तिथे फार परकं वाटत नाही.