रहाटापासून रोबोटपर्यंत



'रोबोट' म्हटले की सिनेमातील लोखंडी माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. ही परदेशातील, लाखो रुपयांची वस्तू; तिच्याशी आपला काय संबंध, असे अनेक पालकांना वाटते. हा समज दूर व्हावा म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकात हा शब्द आला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. वेठ म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला मनाई केली. माणसाऐवजी यंत्राने राबावे, ही रोबोटमागील कल्पना होय.

आता यंत्राकडे वळू. आपल्या वसई तालुक्यातील वाड्यांना पूर्वी विहिरीवरील रहाटाने पाणी मिळत असे. बैल किंवा रेडा गोल फिरे, त्याबरोबर आडवे चाक फिरे. त्याचे दाते उभ्या चाकाच्या दात्यांत अडकत आणि गाडग्यांची माळ पाणी वर आणी. जनावराची आडवी चाल उभ्या फेऱ्यात बदलण्याचे काम ही दातेरी चाके करीत. यालाच गिअर म्हणतात.

गिअरचे गणित सोपे आहे. १० दात्यांचे चाक ४० दात्यांच्या चाकाला फिरवीत असेल, तर लहान चाकाच्या ४ फेऱ्यांत मोठे चाक एकदाच फिरते. वेग चौथाई होतो, पण फिरविण्याचा जोर जवळजवळ चौपट होतो. थोडा घर्षणात वाया जातो. उलट जोडणी केली तर वेग वाढतो, जोर घटतो. पायडलचे चाक ४४ दात्यांचे आणि मागचे २२ दात्यांचे असेल, तर एका पायडलला मागचे चाक दोनदा फिरते. म्हणून सपाट रस्त्यावर सायकल पळते आणि चढावर पाय भरून येतात. खेळण्यातील मोटर अतिशय वेगात फिरते, पण तिला जोर नसतो. रोबोटच्या गाडीत तिला गिअर जोडावे लागतात ते यासाठीच.

परंतु गिअर आणि मोटर म्हणजे रोबोट नव्हे. त्याला पाहणारा 'सेन्सर' आणि आज्ञा पाळणारी 'चिप' लागते. पांढऱ्या कागदावरील काळ्या पट्टीवरून धावणारी गाडी घ्या. पट्टीच्या दोन्ही बाजूंना तिचा एकेक डोळा असतो. पांढरा रंग प्रकाश परत पाठवितो, काळा शोषून घेतो. त्यावरून तिला पट्टी कळते. तिच्या आज्ञा अशा:

१. दोन्ही डोळ्यांना पांढरे दिसले तर सरळ जा.
२. फक्त डाव्या डोळ्याला काळे दिसले तर डावीकडे वळ.
३. फक्त उजव्या डोळ्याला काळे दिसले तर उजवीकडे वळ.
४. दोन्हींना काळे दिसले तर थांब.
५. पुन्हा पहिल्या आज्ञेपासून सुरू कर.

हाच प्रोग्राम. क्रम, अट आणि पुनरावृत्ती हे त्याचे तीन पाये. पाचवी आज्ञा विसरली तर गाडी एकदाच पाहील आणि मग आंधळेपणाने पट्टी सोडून जाईल. यंत्राला स्वतःची अक्कल नसते. जे लिहिले तेच ते करते. म्हणून आधी आज्ञा मराठीत कागदावर लिहाव्यात, मग संगणकाच्या भाषेत.

आम्ही हे एवढ्या आग्रहाने का सांगतो? वसई पूर्वेच्या कारखान्यांत आपली अनेक मुले कामाला जातात. आज अनेक वर्कशॉपमध्ये सी.एन.सी. यंत्रे प्रोग्रामवर चालतात. तेथे एकजण माल उचलतो आणि एकजण आज्ञा लिहितो. दोघांच्या पगारात आणि मानात फरक असतो. आपल्या मुलाने कोणती जागा घ्यावी, हे शाळेच्या वयातच ठरू लागते.

२०१६ पासून केंद्र शासनाच्या योजनेतून अनेक शाळांत सहावी ते बारावीसाठी अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या आहेत. पवईच्या आय.आय.टी.चा 'ई-यंत्र' प्रकल्प महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना रोबोटिक्स शिकवितो. कळंबसारख्या गावातील पालकांनी शाळेत याची चौकशी करावी. तोवर घरातील मोडके खेळणे मोठ्यांच्या देखरेखीखाली उघडा, दाते मोजा, गणित करा. मुलींनाही यात बरोबरीने बसवा. मोबाईल वापरणे म्हणजे विज्ञान शिकणे नव्हे. यंत्र आतून कसे चालते हे समजले, तरच आपण त्याचे मालक होऊ.