पोटरीची डबल बेल

चौतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो, त्यातली बरीचशी मालवण आगारात. या नोकरीत बसणं कमी. गर्दीतून वाट काढत तिकिटं द्यायची, ‘चला, पुढे सरका’ म्हणून ओरडायचं आणि दोरी ओढून ड्रायव्हरला घंटी द्यायची. एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. त्यामुळे माझ्या पायांचा मला गर्व होता. तो श्रावणात विहिरीच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर उतरला. शेवाळावरून चप्पल सरकली, उजव्या घोट्याचं बाहेरचं हाड मोडलं आणि गुडघ्याखाली सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं.

मुलगा न्यू जर्सीत असतो. नात सहा महिन्यांची झाली होती आणि दिवाळीची तिकिटं आधीच काढलेली होती. प्लास्टर सुटणं आणि विमान सुटणं यांत जेमतेम बारा दिवस. मी कुडाळच्या डॉक्टरांना विचारलं, ‘‘पाय मावेल ना सीटखाली?’’ ते हसले. म्हणाले, ‘‘अण्णानू, पाय मावतलो. पायातला रक्त फिरतला काय, ता विचारा.’’

मग त्यांनी समजावलं. हृदय रक्त खाली ढकलतं, पण पायातून वर आणण्याचं मोठं काम पोटरीचं. चालताना पोटरी आवळली की आतल्या शिरेतलं रक्त वर ढकललं जातं, आणि शिरेतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. माणूस तासन्‌तास हलला नाही की रक्त तिथेच रेंगाळतं. मला लगेच पटलं. दारात माणसं थिजली आणि ‘पुढे सरका’ म्हणणारा कोणी नसला तर गाडीचं काय होतं, ते मी रोज बघितलंय.

नुसतं रेंगाळल्याने गुठळी होतेच असं नाही. रुडॉल्फ फिर्शो या जर्मन डॉक्टरच्या नावाने तीन कारणं सांगतात: प्रवाह मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं. हाड मोडलं की तिन्ही एकदम हजर. इजा झालेली असते, ती भरून काढायला शरीर रक्त गोठवायच्या तयारीत असतं, आणि प्लास्टरमुळे पोटरी संपावर. विमानात बसायच्या आधीच अर्धी तयारी झालेली. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जीवावर बेततं.

आणि हे फक्त मोडलेल्या हाडाचं नाही. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं की घोटा मुरगळणं, स्नायू फाटणं असल्या किरकोळ वाटणाऱ्या दुखापतींनंतरही गुठळीचा धोका सुमारे तिपटीने वाढतो, आणि दुखापत पायाची असेल तर सुमारे पाचपटीने.

विमान मात्र फुकट बदनाम झालंय. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक तळघरांत आरामखुर्च्यांवर बसून रात्री काढत. त्यांच्यातले काहीजण फुप्फुसातल्या गुठळीने अचानक दगावत असल्याचं तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. १९५४ मध्ये बोस्टनच्या जॉन होमन्स या शल्यचिकित्सकाने बसून राहिल्यामुळे पायात गुठळी झालेल्या पाच रुग्णांची हकिगत छापली. दोघे विमानातून आलेले, दोघे मोटारीतून, आणि एक नाटक बघून! हे ऐकल्यावर आमची रात्रभर चालणारी दशावतारी नाटकं आणि पुढ्यात मांडी घालून बसलेला गाव डोळ्यांसमोर आला. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं तेही हेच: चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की धोका साधारण दुप्पट होतो, मग वाहन विमान असो, बस असो, मोटार असो की रेल्वे. म्हणजे गणपतीला मुंबईहून रात्रभर गाडीत बसून येणारा चाकरमानीही त्याच हिशेबात. पण घाबरायचं कारण नाही. चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात हे प्रमाण साधारण सहा हजारांत एक. प्रश्न येतो तो आधीच धोका असलेल्यांचा. अलीकडे दुखापत, ऑपरेशन किंवा प्लास्टर, पूर्वी स्वतःला किंवा घरात कुणाला गुठळी, कर्करोग, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे आठवडे, गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या, जास्त वजन. एकावर एक चढत गेलं की बेरीज मोठी होते.

डॉक्टरांनी टेप काढली आणि दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजल्या. दुखरी पोटरी तीन सेंटिमीटरहून जास्त जाड भरली तर संशय घ्यायचा. माझी उलट दीड सेंटिमीटरने बारीक होती, सहा आठवडे बिनकामाची राहिल्यामुळे. पण आत दुखत होतं. शिवाय चौतीस वर्षं उभं राहून दोन्ही पायांवर शिरांची निळी जाळी फुगलेली. ज्यांचा मला गर्व, तेच पाय डॉक्टरांच्या धोक्याच्या यादीत गेले! डॉप्लर सोनोग्राफी केली. गुठळी नव्हती.

तोवर गावचे सल्ले सुरूच होते. शेजारचा बाबल्या म्हणाला, ‘‘गरम तेलान रगडून देतंय, उद्या धावाक लागतलात.’’ डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. पोटरी दुखते, सुजते आणि कारण कळलेलं नाही, तोवर चोळायचं नाही, कारण आत गुठळी असेल तर ती सुटू शकते. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, ॲस्पिरिनची एक गोळी घ्या.’’ प्रवासातली गुठळी टाळायला ॲस्पिरिनवर भरवसा ठेवू नये, असंच तज्ज्ञ सांगतात. मग रक्त पातळ करणारं हेपारिन जातीचं इंजेक्शन? तेही सरसकट नाही. २०१७ साली नेदरलँड्समध्येच प्लास्टर घातलेल्या सुमारे १,४०० रुग्णांवर चाचणी झाली. इंजेक्शन घेणाऱ्यांत १.४ टक्क्यांना त्रास देणारी गुठळी झाली, न घेणाऱ्यांत १.८ टक्क्यांना. म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. धोका मोजून, माणूस बघून ठरवायचं. माझं वय, नुकतंच सुटलेलं प्लास्टर, फुगलेल्या शिरा आणि पंधरा-सोळा तासांचं उड्डाण यांची बेरीज करून मला निघण्याआधी घ्यायला एक लिहून दिलं. ते माझ्यापुरतं. दुसऱ्याने माझी चिठ्ठी उचलू नये.

बाकीचं सगळ्यांना चालेल असं. गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे, पण घोटा आणि पोटरी मोजून घेतलेले. वरचा काठ दुमडला तर तोच दोरीसारखा आवळतो. मधुमेहाने किंवा आणखी कशाने पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर आधी विचारायचं. खिडकी सोडून वाटेकडची सीट. पायाखाली पिशवी नाही. झोपेची गोळी नाही. पाणी पीत राहायचं, निदान त्या निमित्ताने उठणं तरी होतं. ताजं प्लास्टर असेल तर छोट्या उड्डाणाआधी २४ तास आणि लांबच्याआधी ४८ तास थांबायचं किंवा प्लास्टरला उभी चीर पाडून घ्यायची, कारण आत सूज वाढली तर पाय आवळतो. विमान कंपनीला आधी कळवायचं.

चिठ्ठीच्या तळाशी डॉक्टरांनी जाड अक्षरात लिहिलं: एकच पाय सुजला, पोटरी दुखली, गरम लागली, रंग बदलला, तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, तर क्षणभर न थांबता हॉस्पिटल. हा पहारा उतरल्यावर संपत नाही, जवळजवळ आठ आठवडे ठेवायचा.

आता चिपी आणि मोपा हे विमानतळ हाताशी आलेत, तरी मुंबई मी कोकणकन्या एक्सप्रेसने गाठली. बर्थवर पाय लांब करता येतात आणि डब्यात चालता येतं. पुढे विमानात दर तासाला टाचा उचलायच्या, मग चवडे. दोन वेळा टाच, दोन वेळा चवडा: पोटरीला डबल बेल. दर दोनेक तासांनी उठून शेपटीपर्यंत एक फेरी. पहिल्या फेरीला हवाईसुंदरीने विचारलं, ‘‘काही हवंय का, सर?’’ दुसऱ्या फेरीला तिने नुसतं हसून वाट दिली. तिसऱ्या फेरीला अंधारात मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या आणि माझ्या मागोमाग चालू लागल्या, त्यांच्यामागे त्यांचा मुलगा. शौचालयाशी रांग थबकली होती. मला कुठे काय बोलायचं याचं भान राहिलं नाही. सवयीने तोंडातून निघून गेलं, ‘‘चला, पुढे सरका.’’