हस्तधारित इंटरनेट उपकरणे आणि मुक्त स्मार्टफोन : स्पर्धेच्या आवश्यक अटी

नोकिया कंपनीने २००५ मध्ये '७७०' हा इंटरनेट टॅब्लेट बाजारात आणला. ८०० बाय ४८० बिंदूंचा रुंद पडदा आणि लिनक्सवर आधारित 'माएमो' ही कार्यप्रणाली ही त्याची वैशिष्ट्ये होत. २००७ मध्ये 'एन ८००' व 'एन ८१०' ही सुधारित उपकरणे आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अँड्रॉइडची घोषणा झाली व २००८ मध्ये त्यावर चालणारा पहिला फोन विक्रीस आला. परिणामी, खुलेपणा हे केवळ टॅब्लेटचे वैशिष्ट्य उरले नाही.

या स्पर्धेत टिकण्यासाठी तीन अटी आवश्यक होत्या. पहिली, स्वतंत्र मोबाइल जोडणी. या टॅब्लेटमध्ये सिमकार्डची सोय नव्हती. वाय-फाय नसेल तेथे ब्लूटूथने जोडलेला दुसरा मोबाइल लागत असे. दुसरी, ॲप्सच्या वितरणाची सुलभ व्यवस्था. अँड्रॉइड मार्केटने २००८ मध्ये ती एकाच ठिकाणी उपलब्ध करून दिली. तिसरी, सातत्य. '७७०' साठी २००७ ची आवृत्ती आणि 'एन ८१०' साठी माएमो ५ कंपनीने अधिकृतपणे दिली नाही. त्यामुळे ग्राहक आणि विकासक या दोघांचेही श्रम वाया जात.

२००९ च्या 'एन ९००' मध्ये मोबाइल जोडणी आली. तथापि, २०१० मध्ये माएमोचे 'मीगो'त विलीनीकरण झाले आणि २०११ मध्ये नोकियाने विंडोज फोनचा स्वीकार केला. यावरून असे स्पष्ट होते की, आज्ञावली मुक्त असली तरी तिचे भवितव्य एकाच कंपनीच्या निर्णयावर अवलंबून असेल, तर ते मुक्तपण अपुरे ठरते.